काप कमी, चीक तेवढाच

रबराच्या झाडाला इथेफॉन लावले की चीक जास्त वेळ ठिबकत राहतो, आणि या एकाच गुणापायी या औषधाचा सर्वाधिक गैरवापर होतो. इथेफॉन आपल्याला अनोळखी नाही. अननसाच्या बागेत एकसारखा फुलोरा आणायला ते ‘इथ्रेल’ या नावाने वापरतात. झाडाच्या पेशींत शिरल्यावर ते फुटते आणि त्यातून इथिलीन वायू सुटतो. हा वायू झाडे स्वतःही बनवतात. साल कापली की जखमेच्या जागीसुद्धा तो तयार होतो. पूर्वी चीक वाढवायला २,४-डी हे तणनाशक सालीला फासत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मलायातल्या संशोधनातून इथेफॉनचा उपयोग पुढे आला आणि जुने उपाय मागे पडले. तेव्हापासून त्याकडे उत्पन्न वाढवण्याचे औषध म्हणून पाहिले जाते. माझ्या मते ही दृष्टीच चुकीची आहे. इथेफॉन वापरायचे ते झाडावरचे काप कमी करण्यासाठी, आणि ज्याला काप कमी करायचे नाहीत त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

असे का, हे सालीच्या आत पाहिल्यावर कळते. खोडाच्या सालीतल्या मऊ थरात चिकाच्या बारीक नलिकांची कडी असतात. सुरीने पातळ काप घेतला की त्यांची तोंडे उघडतात आणि आतल्या दाबाने चीक बाहेर येतो. पहिला झोत ओसरतो, मग चिकातलेच काही सूक्ष्म कण फुटून नलिकांच्या तोंडाशी गुठळ्या धरतात आणि दोन-तीन तासांत धार थांबते. इथिलीनमुळे या गुठळ्या उशिरा धरतात, नलिकांकडे पाणी आणि साखर जास्त ओढली जाते, म्हणून धार लांबते. पण चिकातले रबर, म्हणजे साधारण एक तृतीयांश भाग, बनते ते पानांनी तयार केलेल्या साखरेतून. हीच साखर एरवी लाकूड वाढवायला लागते, म्हणूनच चीक काढत असलेल्या झाडाचा घेर संथपणे वाढतो. इथेफॉन साखर बनवत नाही, फक्त असलेली साखर लवकर खर्चायला लावते. एका कापानंतर गेलेला चीक भरून काढायला झाडाला दोन-तीन दिवस लागतात. त्या आत पुन्हा कापले आणि वर औषधही लावले, तर नलिकांवर इतका ताण येतो की चीक आतल्या आतच गोठू लागतो. मग कापाचा काही भाग कोरडा राहतो, पुढे सगळाच काप कोरडा पडतो आणि शेवटी साल तपकिरी होऊन फुटते. हा कोरडेपणा आरंभी लक्षात आला आणि झाडाला विश्रांती दिली तर काही झाडे सावरतात. साल तपकिरी पडल्यावर बहुधा उपाय उरत नाही.

आता कापांचा हिशेब पाहू. एका कापाला साधारण दीड मिलिमीटर साल खर्ची पडते. दिवसाआड कापणी केली आणि पाऊस व पानगळीचे दिवस वगळून वर्षात १४० काप झाले, तर २१ सेंटिमीटर साल संपते. सव्वाशे सेंटिमीटर उंचीपासून सुरू केलेली एक बाजू सहा वर्षांत खाली येते. आठवड्याला एकच काप घेतला तर साल थोडी जाड काढावी लागते, तरी वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरच जाते आणि तीच बाजू चौदा-पंधरा वर्षे पुरते. कापांची संख्या तिसऱ्या हिश्शावर आल्यावर उत्पन्नही तेवढेच खाली यायला हवे. ते येऊ नये यासाठीच इथेफॉन आहे. कोट्टयमच्या रबर बोर्डाने साप्ताहिक कापणीसोबत महिन्यातून एकदा अडीच टक्के इथेफॉन, ही पद्धत म्हणूनच पुढे आणली.

मात्र हे प्रमाण सर्व झाडांना सरसकट लागू होत नाही. कोट दीव्हारमध्ये फ्रेंच संशोधकांनी चिकातली साखर, फॉस्फरस आणि थायोल मोजून झाडाची प्रकृती तपासण्याची पद्धत बसवली. तिच्यातून दिसले की काही वाणांच्या नलिका मुळातच जोरात काम करतात आणि त्यांना उत्तेजकाची गरज कमी. संथ वाणांना ते जास्त मानवते. केरळात सर्वत्र दिसणारे आरआरआयआय १०५ हे वाण भरपूर चीक देते, पण कोरडे पडण्याकडे त्याचा कल आहे, म्हणून तिथे हात आखडताच हवा. पानगळीत आणि नवी पालवी फुटताना, कडक उन्हाळ्यात, घेर न भरलेल्या किंवा आधीच कोरड्या पडू लागलेल्या झाडांना औषध लावू नये. कापाच्या लगेच वर, नव्याने भरणाऱ्या सालीवर ब्रशने अरुंद पट्टा ओढायचा, एवढेच काम असते. द्रावण आम्लधर्मी असल्याने त्वचेला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. हातमोजे आणि चष्मा हवाच.

भाव चढले असताना झाड पिळून का घेऊ नये, असे कोणी विचारेल. २०११मध्ये किलोला दोनशे रुपयांपुढे गेलेला भाव २०१६च्या आरंभी शंभराच्या आसपास आला होता. तेजीत कोरडे पडलेले झाड मंदीत काहीच देत नाही, आणि नवे झाड कापणीला यायला सात वर्षे लागतात. दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे: रसायनच नको. पण झाडे औषधाशिवायही कोरडी पडतात. रोज कापणारा आणि औषध टाळणारा मालक झाडावर जास्त अन्याय करतो. टॅपरच्या, म्हणजे झाडे कापून चीक काढणाऱ्या मजुराच्या, रोजगाराचा मुद्दा मात्र हलका नाही. काप तिसऱ्या हिश्शावर आले की एका बागेतले त्याचे दिवसही तेवढेच घटतात. मजुरी झाडांच्या संख्येवर असेल तर आठवड्याचे सहा दिवस सहा लहान बागांत वाटून घेता येतात, आणि केरळात कुशल टॅपरच मिळेनासे झाल्याने हे जमणेही शक्य आहे. पण त्यासाठी शेजारच्या मालकांनी मिळून ठरवावे लागते. एकट्याने हे होत नाही.

एक अपवाद मान्य करायला हवा. तोडायच्या बागेत शेवटची दोन-तीन वर्षे झाडाच्या प्रकृतीची फिकीर न करता चीक काढणे हिशेबाला धरून आहे. अडचण होते ती ज्या बागेला अजून पंधरा-वीस वर्षे जगायचे आहे, ती दोन-तीन वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देताना. पट्टेदाराचा हिशेब शेवटच्या वर्षाचा असतो, मालकाचा नसतो. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे ज्यांनी रबर लावले आहे, त्यांनी बाग कोणाला कापायला देताना वर्षाचे काप किती, इथेफॉनचे प्रमाण किती टक्के आणि ते किती वेळा, हे करारात लिहून घ्यावे आणि बाग देताना कोरडी झाडे किती होती, तेही दोघांनी मिळून मोजून ठेवावे.