तृतीयपंथीय समुदाय : सामाजिक स्वीकृती आणि आव्हाने

प्रस्तावना :
भारतीय समाजात तृतीयपंथीयांविषयी दुहेरी भावना आढळते. घरी मूल जन्मले किंवा नवे दुकान उघडले की त्यांचा आशीर्वाद शुभ मानला जातो. त्यांचा शाप लागू नये म्हणून हातावर पैसेही ठेवले जातात. मात्र त्याच व्यक्तीने भाड्याने खोली अथवा महाविद्यालयात प्रवेश मागितला की दारे बंद होतात. त्यांना मान आहे, पण स्थान नाही. मान आणि स्वीकृती यांतील हे अंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना :
जन्माच्या वेळी नोंदविलेले लिंग आणि व्यक्तीला स्वतःविषयी जाणवणारी लिंगओळख जुळत नाही, तेव्हा त्या व्यक्तीस पारलिंगी म्हणतात. शासकीय व्यवहारात ‘तृतीयपंथीय’ हा शब्द रूढ आहे. गुरू-चेला परंपरेने बांधलेले किन्नर आणि यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगते हे या व्यापक गटाचेच भाग होत. परंतु प्रत्येक पारलिंगी व्यक्ती अशा परंपरेत असतेच असे नाही. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेली, परंतु स्वतःला पुरुष मानणारी व्यक्तीही यातच मोडते. ती बहुधा समाजाच्या नजरेआड राहते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इंग्रज राजवटीने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात या समुदायाची पोलिसांकडे नोंद करण्याची तरतूद केली. मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथेही फसली सन १३२९, म्हणजे इ. स. १९१९ मध्ये, असाच कायदा झाला. सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेषात दिसणे किंवा नाचगाणे करणे एवढ्यावरून विनावॉरंट अटक करता येत असे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. तेलंगणाच्या भागात मात्र हा कायदा टिकून राहिला. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. यावरून असे म्हणता येईल की, आज ‘समाजाची घृणा’ म्हणून जी दिसते, तिला राज्यसंस्थेनेही दीर्घकाळ खतपाणी घातले आहे.

प्रमुख आव्हाने :
२०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात प्रथमच ‘इतर’ हा पर्याय आला. त्यात भारतात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. ओळख उघड करण्याची भीती पाहता प्रत्यक्ष संख्या अधिक असावी. या गटाची साक्षरता सुमारे ५६ टक्के होती. देशाची सरासरी सुमारे ७३ टक्के होती.

ही तफावत एका साखळीतून निर्माण होते. बोलण्या-चालण्यावरून मुलाची प्रथम घरात हेटाळणी होते, नंतर शाळेत टिंगल होते. शाळा सुटते, पुढे घरही सुटते. शिक्षण नसल्याने नोकरी मिळत नाही. उरतो तो टाळी वाजवून मागण्याचा किंवा देहविक्रयाचा मार्ग. मग ‘हे काम करीत नाहीत’ असा ठपका समाजच ठेवतो. जे शिकतात त्यांची अडचण निराळी असते. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव आणि समोर उभी असलेली व्यक्ती यांचा मेळ न बसल्याने प्रत्येक कार्यालयात त्यांना खुलासा द्यावा लागतो.

कायदा आणि समाज :
१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले आणि लिंगओळख ठरविण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच असल्याचे सांगितले. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या खटल्यात सहभागी होत्या. २०१९ मध्ये संसदेने संरक्षणाचा कायदा केला. मात्र लैंगिक अत्याचारासाठी त्यात ६ महिने ते २ वर्षे इतकीच शिक्षा ठेवली गेल्याने समुदायातूनच टीका झाली.

समाज नेहमी कायद्याच्या मागेच असतो, असे मात्र नाही. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथीय उमेदवारास थेट सरपंचपदी निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा स्त्रियांसाठी राखीव जागेवरील अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने नाकारला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो ग्राह्य धरला आणि गावाने त्यांना निवडून दिले. अडवणूक झाली ती कागदावर. मतदाराने अडविले नाही. ज्या व्यक्तीचे काम आणि स्वभाव गावाला ठाऊक आहे, तिची लिंगओळख मतदानात आड येत नाही. परिचय हाच स्वीकृतीचा पाया होय.

महाविद्यालयांची जबाबदारी :
असा परिचय घडण्याची हक्काची जागा म्हणजे महाविद्यालय. प्रवेश अर्जात स्वतंत्र पर्याय, नावबदलाची सोपी पद्धत, हजेरी घेताना विद्यार्थ्यास हवे असलेले नाव, सुरक्षित स्वच्छतागृह व वसतिगृह आणि टिंगलीविरुद्ध रॅगिंगइतकीच कठोर कारवाई या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत पथनाट्याद्वारे हा विषय हजारो लोकांपर्यंत नेता येईल.

समारोप :
आशीर्वादासाठी दारात बोलावणे ही स्वीकृती नव्हे. शेजारी, सहाध्यायी आणि सहकारी म्हणून सोबत घेणे ही स्वीकृती होय. न्यायालय हक्क देऊ शकते; परंतु वर्गात शेजारच्या बाकावर जागा करून देणे हे शिक्षक व विद्यार्थी यांच्याच हाती आहे.