टिपेचा सूर जोराने लागत नाही

नाट्यगीत स्पर्धांच्या तयारीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "वर पोचत नाही? पोटातून जोर लाव!" सांगणारा कधी हौशी संस्थेचा दिग्दर्शक असतो, कधी पेटीवाला, तर कधी स्वतः गाणं शिकवणारा. गाणारी मुलगी छातीभर श्वास भरते, मान ताठ करते, गळ्याच्या शिरा फुगतात आणि तार षड्जावर आवाज चिरकतो. मग तिला पुन्हा सांगतात, अजून जोर लाव! हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत सांगणाऱ्याला नाही, गाणाऱ्या गळ्याला मोजावी लागते.

काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचे स्वरतंतू मध्य षड्जाला सेकंदाला साधारण २०८ वेळा कंप पावतात, तार षड्जाला ४१५ वेळा. सूर चढणं म्हणजे ही कंपनं वाढणं. तंबोऱ्याची तार चढवायची तर आपण खुंटी पिळतो, तार जोरात छेडत नाही. गळ्यातही खुंटी आहे. स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला एक छोटा स्नायू असतो. तो आवळला की स्वरतंतू लांब, पातळ आणि ताठ होतात आणि सूर चढतो. पटत नसेल तर कंठमण्यावर बोट ठेवा आणि हळूच खाली सरकवा. दोन कूर्चांच्या मध्ये एक बारीक खाच लागेल. तिथे बोट अलगद ठेवून अगदी हलक्या आवाजात 'ऊ'वर खालून वर मींड घ्या. सूर चढतो तशी खाच मिटत जाते. हे काम होताना पोटाला धक्का द्यावा लागत नाही.

जोराने सूर मुळीच चढत नाही असं नाही. अमेरिकेतले आवाजाचे अभ्यासक इंगो टिट्झे यांनी १९८९ मध्ये याचं गणित मांडलं. फुप्फुसातल्या हवेचा दाब पाण्याच्या एका सेंटिमीटरने वाढवला तर सूर साधारणपणे फार तर पाच-सहा कंपनांनी चढतो. आपल्याला दोनशेच्या वर कंपनं वाढवायची आहेत, आणि साध्या बोलण्यातला दाब असतो पाच ते दहा सेंटिमीटर. नुसत्या जोरावर सप्तक गाठायचं तर तो किती पट वाढवावा लागेल, हे ज्याचं त्याने काढावं. ताणलेले तंतू हलवायला दाब थोडा जास्त लागतो हे खरं. पण आधी ताण आणि मग त्याला पुरेल एवढाच श्वास, हा क्रम आहे. उलट केलं की तंतू एकमेकांवर आपटतात.

"पोटातून गा" या वाक्याचाही खुलासा हवा. श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे, तो आवाज वर ढकलत नाही. खरं कसब श्वास राखून सोडण्यात आहे. गुरुजी ज्याला दमसास म्हणतात तो हाच.

यावर ठरलेला आक्षेप येतो: "केशवराव भोसले, दीनानाथ यांच्या वेळी कुठे होते माईक? जोर लावूनच गात होते ना!" इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आवाज लांब पोचणं वेगळं आणि सूर उंच असणं वेगळं. आवाज कसा पोचतो याचा अभ्यास स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी पाश्चात्त्य ऑपेरा गायकांवर केला. वाद्यवृंदाची बरीचशी ताकद ५०० कंपनांच्या आसपास असते, तर कसलेल्या पुरुष गायकाच्या आवाजात ३,००० च्या आसपास एक जोरकस पट्टा असतो, म्हणून तो वाद्यांवरून ऐकू येतो. हा पट्टा घशाच्या पोकळीच्या आकारातून तयार होतो. आपल्या नाट्यगायकांची अशी मोजमापं झालेली माझ्या पाहण्यात नाहीत, पण आवाज पोचवायला आरडाओरडा हा एकच मार्ग नाही, एवढं यातून नक्की सिद्ध होतं.

मग वरचे सूर तयार करायचे कसे? हलक्या आवाजात. शहाळ्याची नळी ओठांत धरून, तिचं टोक दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात बुडवून 'ऊ'वर मध्य षड्जापासून पंचमापर्यंत मींड घ्या. ती सहज होऊ लागली की धैवत, निषाद, मग तार षड्ज. तोंड अर्धवट बंद असल्यामुळे आत उलटा दाब तयार होतो आणि तंतू न आपटता हलतात. बुडबुडे एकसारखे येत असतील तर श्वास एकसारखा सुटतो आहे. मध्येच उसळले तर तिथे धक्का दिला गेला. त्यानंतर नळी काढून आकार, आणि शब्द सगळ्यांत शेवटी. शब्दांत 'ई' आली की विशेष जपावं. या स्वराची पहिली अनुनाद-वारंवारता साधारण ३०० असते आणि तार षड्ज तिच्या वर जातो. ओठ ताणून, दात आवळून कोरडी 'ई' धरली की सूर घुसमटतो. जबडा थोडा सैल सोडून तिला किंचित 'ए'कडे झुकवा. प्रेक्षकाला 'ई'च ऐकू येते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

खर्ज घोटला की वरचं आपोआप येतं: खर्जाने आवाज भरतो, पण वरचे सूर वरच जाऊन शिकावे लागतात.

पद ध्वनिमुद्रिकेच्या पट्टीतच गायला हवं: 'संयुक्त मानापमाना'त १९२१ साली भामिनी बालगंधर्वांनी केली, म्हणजे ती पदं पुरुषाच्या गळ्यातून आली. आपला षड्ज आपल्या गळ्याप्रमाणे धरावा.

गायच्या आधी तूप घेतलं की स्वरतंतू मऊ होतात: गिळलेलं अन्ननलिकेत जातं, तंतूंना लागतच नाही. पाणी मात्र दिवसभर प्यावं.

आवाज फुटू द्यावा, मग तो पक्का होतो: हा सगळ्यांत घातक. वारंवार आपटून तंतूंवर गाठी येतात. सुरुवातीच्या गाठी बहुतेक वेळा आवाजाच्या उपचारपद्धतीने, शस्त्रक्रियेशिवाय बऱ्या होतात, पण त्यासाठी वेळेवर दाखवावं लागतं. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर स्पर्धा जवळ आली असली तरी तालीम थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या.