अंगणातील गुलछडी नेमकी कोणत्या वाणाची?

ताथवडे, प्रतिनिधी - सन २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झालेल्या ताथवडे परिसरात शेतजमिनींच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. अशा स्थित्यंतरात जुन्या घराच्या परसातील गुलछडी जेसीबीखाली गेली, तर तोच वाण पुन्हा मिळणे दुरापास्त होते. या फुलझाडाची लागवड कंदांपासून होते. बियांपासून आलेली रोपे मूळ झाडासारखी निघतीलच, याची खात्री नसते. म्हणूनच वाण जपण्यासाठी आधी तो ओळखता यावा लागतो.

निशिगंध, रजनीगंधा या नावांनीही परिचित असलेली गुलछडी मूळची मेक्सिकोतील. पूर्वी पॉलिएन्थिस या प्रजातीत गणली जाणारी ही वनस्पती आता घायपाताच्या अ‍ॅगेव्ह प्रजातीत समाविष्ट करण्यात आली आहे.

पाकळ्या मोजा

ओळखीची पहिली खूण म्हणजे पाकळ्यांची वर्तुळे. एकच वर्तुळ असल्यास 'सिंगल', दोन-तीन असल्यास 'सेमी-डबल' आणि त्याहून अधिक असल्यास 'डबल'. सिंगलचा सुगंध अधिक असल्याने तिची सुटी फुले हार-गजऱ्यांसाठी वापरतात. डबलचे दांडे फुलदाणीत शोभतात.

दुसरी खूण कळीच्या रंगाची. जुन्या सिंगलची कळी पांढरी, तर डबलची गुलाबी झाक असलेली असते. मात्र केवळ यावर विसंबून चालत नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सिंगल व डबल यांच्या संकरातून काढलेला 'शृंगार' हा वाण सिंगल असूनही त्याच्या कळीवर गुलाबी छटा असते. याच संस्थेच्या 'वैभव' या सेमी-डबल वाणाची कळी हिरवट असते.

तिसरी खूण पानांची. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत विकिरणातून निर्माण झालेल्या 'सुवर्णरेखा'च्या पानांच्या कडा पिवळ्या, तर 'रजतरेखा'च्या पानांच्या मधोमध रुपेरी पट्टा असतो.

नोंदीचे महत्त्व

एका फुलावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. दांड्याची उंची, फुलांची संख्या, कळीचा रंग, पाकळ्यांची वर्तुळे आणि बहराचा काळ यांची सलग दोन हंगाम छायाचित्रांसह नोंद ठेवावी. नाव निश्चित होत नसेल, तर अंदाजाने प्रचलित नाव न देता 'ताथवडे, जुनी सिंगल' अशी स्थळदर्शक चिठ्ठी लावावी. चुकीच्या नावाने कंद वाटले गेले, की पुढे मूळ वाणाचा माग लागत नाही.

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्यांच्या पारंपरिक वाणांचीही नोंदणी होऊ शकते. त्यासाठी वेगळेपणा, एकसारखेपणा व स्थैर्य हे निकष आहेत. वेगळेपणा सिद्ध करताना अशा नोंदी उपयोगी पडू शकतात.

एप्रिल-मे हा लागवडीचा काळ. या वेळी काढलेले काही कंद चिठ्ठीसह आणखी दोन-तीन घरी दिल्यास, एका अंगणातील बांधकामाने वाण संपण्याचा धोका टळतो. सदनिकाधारकांना ही गुलछडी सज्जातील उन्हात, पाण्याचा निचरा होणाऱ्या कुंडीतही वाढवता येते.