पन्हाळा ते पावनखिंड : तयारी पायांची आणि तुकडीची

आषाढातल्या पावसात पन्हाळगडावरून निघून पावनखिंडीपर्यंत चालत जायचे, ही पदभ्रमंती आपल्या कोल्हापूर भागात चांगलीच रुजली आहे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेने महाविद्यालयांतील मुला-मुलींच्या तुकड्या जातात. सुमारे ५० किलोमीटरची वाट, बहुधा दोन दिवस. कधी गुडघाभर चिखल, कधी ओढा, कधी मसाई पठारावरचा उभा-आडवा वारा, आणि पाठीवर स्वतःचे सामान.

ही मोहीम जवळ आली की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे लोक येतात. मोहिमेच्या आधी पालक येतात आणि विचारतात, 'डॉक्टर, पोरीला पाठवू का?' मोहिमेनंतर मुले येतात. कुणाच्या टाचा सोललेल्या, कुणाचा गुडघा सुजलेला, कुणाला ताप. पालकांना माझे उत्तर असते, 'जरूर पाठवा, पण आठ आठवडे तयारी करून पाठवा.' म्हणूनच हा विषय मी मे महिन्यातच घेतला आहे. जुलैत तो वाचून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी पाय का धरतात?

बहुतेकांना वाटते, दम टिकला की झाले. म्हणून मुले पहाटे मैदानावर धावतात. धावणे चांगलेच. त्याने हृदय व फुप्फुसे तयार होतात आणि चढ सोपा जातो. पण या वाटेवर पाय मोडतात ते उतारावर.

चढताना मांडीचे स्नायू आखडतात आणि शरीर वर उचलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात. घाटात ट्रकचा ब्रेक जे काम करतो, तेच हे काम. या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती त्या दिवशी फारशी जाणवत नाही. २४ ते ७२ तासांनी दुखणे वाढते. दोन दिवसांच्या मोहिमेत दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके हेच होते. रात्री हसत झोपलेला मुलगा सकाळी उंबरा ओलांडताना भिंत धरतो. हे दुखणे लॅक्टिक आम्लामुळे होते असा समज आहे, पण ते आम्ल चालणे थांबल्यावर तास-दोन तासांत निघून जाते.

यात एक चांगली गोष्ट आहे. एकदा उताराचा सराव झाला की स्नायू तो लक्षात ठेवतात, आणि पुढचे काही आठवडे तशाच उताराने होणारी इजा बरीच कमी असते. म्हणजे मोहिमेच्या आधी दोन-तीन वेळा लांब उतार उतरणे ही जणू पायांना टोचलेली लसच. ज्योतिबाच्या पायऱ्या, जवळचा कोणताही डोंगर, काहीच नसेल तर तीन मजली इमारतीचा जिना चालेल. मुले पायऱ्या चढतात आणि खाली येण्याचा कंटाळा करतात. माझा आग्रह खाली येण्याचाच आहे.

उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, उड्या मारू नयेत. हातात काठी असावी. डोंगरातला धनगर काठीशिवाय फिरत नाही. काठीमुळे गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि चिखलात तिसरा पाय मिळतो.

आठ आठवड्यांचा आराखडा

पहिले दोन आठवडे : आठवड्यातून चार दिवस ४० मिनिटे भरभर चालणे. वेग असा असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. रविवारी ८ किलोमीटर.

तिसरा-चौथा आठवडा : दोन दिवस पायऱ्या किंवा टेकडी, दोन दिवस सपाटीवर चालणे. रविवारी १२ किलोमीटर, पाठीवर ३ किलो वजन घेऊन.

पाचवा-सहावा आठवडा : रविवारी १६ ते १८ किलोमीटर, त्यात लांब उतार हवाच. वजन मोहिमेइतके. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावे. ५० किलोच्या मुलीने ५ ते ६ किलोच्या वर जाऊ नये.

सातवा आठवडा : लागोपाठ दोन दिवस चालणे, तेही संपूर्ण तुकडीने, भर पावसात, मोहिमेचेच बूट घालून.

आठवा आठवडा : हलके चालणे आणि भरपूर झोप. राहिलेला सराव शेवटच्या चार दिवसांत भरून काढू नये. त्याने ताकद वाढत नाही, फक्त थकवा साठतो.

मे महिन्यातला सराव सकाळी आठच्या आत संपवावा. उन्हात सराव करताना चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी झाली तर लगेच सावलीत थांबावे. कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा अंग भाजू लागले, तर तो उष्माघात समजावा. अंगावर भरपूर पाणी ओतत, वारा घालत त्याला रुग्णालयात न्यावे.

याच सुमारास रक्ताची एक साधी तपासणी करून घ्यावी, विशेषतः मुलींनी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही सराव केला तरी चढावर धाप लागणारच. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून तपासणी आताच हवी.

टाचेवरचा फोड

मोहीम अर्धवट सोडायला लावणारे सर्वांत क्षुद्र कारण म्हणजे फोड. ओली त्वचा मऊ पडते, बूट एका बाजूला ओढतो, आतले हाड दुसऱ्या बाजूला सरकते; मधले थर एकमेकांपासून सुटतात आणि तिथे पाणी भरते. फोड येण्याआधी पंधरा-वीस मिनिटे ती जागा गरम लागते, चुरचुरते. थांबायची वेळ तीच. बूट काढा, पाय पुसा, त्या जागी वैद्यकीय चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. दोन मिनिटांचे काम आहे. न थांबल्यास पुढचे दोन दिवस लंगडावे लागते.

नवे बूट घालून मोहिमेला जाऊ नये. नखे तीन-चार दिवस आधी कापावीत. मोज्यांचे दोन जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत आणि त्यातला एक फक्त रात्री झोपताना घालावा. रात्रभर पाय कोरडे राहिले की त्वचा पुष्कळ सावरते. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नये. तीच त्याची उत्तम पट्टी असते.

पावसातली थंडी

'आपल्याकडे काय बर्फ पडतोय?' असे मुले म्हणतात. बर्फाची गरज नसते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओले कपडे, उघड्या पठारावरचा वारा, रिकामे पोट आणि थकवा हे चौघे एकत्र आले की आपल्या सह्याद्रीतही शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

याची ओळख सोपी आहे. आधी कुडकुडणे, मग हातातून वस्तू पडणे, पाय अडखळणे, बोलणे जड होणे. मुलगा गप्प होतो, मागे पडतो, चिडतो. सोबत्यांना वाटते, कंटाळला. कुडकुडणे आपोआप थांबले आणि माणूस सुस्त झाला तर प्रकृती गंभीर समजावी. अशा वेळी त्याला आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, डोके झाका, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळा. शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्या. हातपाय जोरात चोळू नका. सुस्ती आली असेल तर लगेच १०८ वर फोन करा. डोंगरात प्रत्येक ठिकाणी फोनला रेंज मिळत नाही, म्हणून जवळची वाडी कुठे आहे हे आधीच ठाऊक असावे.

जीन्सची पँट या वाटेवर नकोच. ती पाणी पिते, जड होते, वाळत नाही आणि मांड्या सोलते.

पाणी, खाणे आणि एक नाजूक विषय

पावसात तहान फारशी जाणवत नाही, पण घाम येतच असतो. प्रत्येक थांब्यावर थोडे थोडे पाणी प्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. उलट नुसते पाणी लिटरच्या लिटर रिचवणेही घातक आहे. रक्तातले मीठ पातळ होऊन उलट्या, गोंधळ, झटके येऊ शकतात. सोबत जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. ओढ्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळीनेच प्यावे.

खाण्यासाठी परदेशी वड्यांची गरज नाही. गूळ-शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, केळी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम. भूक लागण्याची वाट न पाहता तासाभराने काहीतरी तोंडात टाकावे.

आता नाजूक विषय. वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. परिणामी चक्कर, पायात गोळे आणि परत आल्यावर मूत्रमार्गाचा संसर्ग. याचा दोष मी मुलींना देत नाही. तुकडीच्या प्रमुखाने दर दीड-दोन तासांनी असा थांबा ठरवावा आणि मुलांनी न सांगता पुढे निघून जावे. पाळीचे दिवस असतील तर मोहीम सोडण्याचे कारण नाही. जादा पॅड कोरड्या पिशवीत हवेत आणि एका मैत्रिणीला कल्पना हवी.

दुखण्याच्या गोळ्या

सकाळी निघतानाच दुखण्याची गोळी घेण्याची एक वाईट सवय पसरली आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला इजा करू शकतात. शिवाय दुखणे हा शरीराचा निरोप असतो; तो दाबून चालले तर लहान इजा मोठी होते. अतिश्रमानंतर अंग फार सुजले, दुखले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरी थांबू नका, रुग्णालय गाठा. स्नायू झिजून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडात अडकल्याचे ते लक्षण असते.

परत आल्यावर महिनाभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना 'मी भातखाचरातून, चिखलातून चाललो होतो' हे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचे निदान या एका वाक्याने लवकर होते, आणि लवकर उपचार झाला तर तो बरा होतो.

न सांगण्याचा आजार

आतापर्यंत सांगितलेला प्रत्येक त्रास सुरुवातीला लहान असतो. तो मोठा होतो, कारण ज्याला होतो तो सांगत नाही. 'माझ्यामुळे सगळे थांबतील', 'हसतील', 'बाजीप्रभूंच्या वाटेवर फोडाचे काय घेऊन बसायचे' असे मुलांना वाटते. पण त्या खिंडीत जे लढले ते सोबतचे पुढे सुखरूप पोहोचावेत म्हणून. फोड लपवणारा मुलगा संध्याकाळी दोघांच्या खांद्यावर येतो आणि सोबतच्यांचाही वेग आणि जीव धोक्यात घालतो.

तुकडीची एक रीत मी नेहमी पाहतो. पुढचे झपाझप चालतात, झाडाखाली दहा मिनिटे बसतात आणि शेवटचा पोहोचला की उठून निघतात. म्हणजे सर्वांत दमलेल्याला सर्वांत कमी विश्रांती! यावर उपाय म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याला प्रमुखाच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. सर्वांत शेवटी एक अनुभवी, धडधाकट सोबती असावा. विश्रांतीचे घड्याळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू करावे. प्रत्येकाची जोडी ठरवावी, आणि प्रत्येक थांब्यावर जोडीदाराने तीन गोष्टी विचाराव्यात : पाय कसे आहेत? पाणी किती प्यालास? लघवी झाली का? सरावाच्या पहिल्या रविवारपासून हे विचारण्याची सवय लागली की सांगण्याची लाज आपोआप जाते.

दमा, मधुमेह, फेफरे, छातीत धडधड किंवा व्यायाम करताना कधी आलेली घेरी यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तुकडीच्या प्रमुखाला लेखी कळवावे. पंप किंवा औषध सॅकच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावे आणि ते कुठे आहे हे जोडीदाराला दाखवावे.

पालकांनाही एक विनंती. मूल मध्येच परत आले तर 'एवढेसुद्धा जमले नाही?' असे म्हणू नका. वेळीच थांबून सांगणारे मूल पुढच्या आषाढात पुन्हा जाईल. तुम्ही त्याला गरम पाणी द्या, पाय पुसून कोरडे करा आणि वाटेत काय काय पाहिले ते विचारा.