भेग बोलते, ऐकायला कोण आहे?

आज एका पुलाची गोष्ट सांगते. पूल आपल्याकडचा नाही, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या मायामी शहराजवळचा आहे. पण गोष्ट ऐकून झाली की तुम्हालाच वाटेल, ही आपल्यालाही ठाऊक असायला हवी.

तिथं एक मोठं विद्यापीठ आहे. विद्यापीठ रस्त्याच्या एका बाजूला आणि बरीच मुलं राहतात ती वस्ती दुसऱ्या बाजूला. मधला रस्ता आठ पदरी. २०१७ साली हा रस्ता ओलांडताना एका विद्यार्थिनीचा गाडीखाली जीव गेला होता. पायी जाणाऱ्यांसाठी पूल बांधायचं काम हाती होतंच, ते किती गरजेचं आहे हे पुन्हा एकदा कळलं.

पुलाचा मुख्य भाग १७४ फूट लांब, वजन सुमारे ८६० टन. रहदारी अडू नये म्हणून तो रस्त्याकडेलाच तयार केला आणि १० मार्च २०१८ रोजी मोठ्या चाकांच्या यंत्रांवरून नेऊन खांबांवर ठेवला. सगळ्यांनी कौतुक केलं. पाचच दिवसांनी, १५ मार्चला दुपारी पावणेदोनच्या सुमारास, तो पूल खालच्या गाड्यांवर कोसळला. सहा माणसं गेली. त्यात पाच जण गाड्यांमधले होते आणि एक पुलावर काम करणारा. आणखी दहा जण जखमी झाले. पूल अजून लोकांसाठी उघडलाही नव्हता.

असं काही घडलं की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘सिमेंट खाल्लं असेल का?’ तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं दीड वर्ष चौकशी केली. सिमेंट-काँक्रीट आणि लोखंड यांत खोट निघाली नाही. खोट कागदावर होती, हिशेबात.

ते कसं, ते सांगते. पत्र्याच्या शेडची कैची आपण पाहतो. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, मधे तिरके दांडे. हा पूल तसाच होता, फक्त काँक्रीटचा. खाली चालायची फरशी, वर छत आणि मधे तिरक्या दांड्यांची एकच रांग. आता भिंतीला तिरकी लावलेली शिडी डोळ्यांसमोर आणा. वर माणूस चढला की शिडीचा पाय बाहेर सरकायला बघतो. म्हणून आपण पायाशी दगड लावतो, नाहीतर कोणाला तरी धरायला सांगतो. पुलाच्या उत्तर टोकाचा शेवटचा तिरका दांडा असाच होता. सगळा भार त्याच्यातून उतरून त्याचा पाय बाहेर ढकलत होता. त्या पायाला धरून ठेवणारा सांधा मजबूत हवा होता. पण आराखडा करताना त्या सांध्यावर येणारा जोर कमी धरला गेला आणि सांध्याची ताकद जास्त धरली गेली. दोन्हीकडून चूक.

त्यात आणखी एक गोष्ट. फरशी आधी ओतली होती, दांडे नंतर. जुन्या काँक्रीटवर नवं ओतायचं तर जुना भाग खरबरीत करावा लागतो. आपण पाट्याला टाकी लावतो ना, तसंच. गुळगुळीत पाट्यावर वाटण धरत नाही आणि गुळगुळीत काँक्रीटवर नवं काँक्रीट नीट धरत नाही. तिथं हा भाग हवा तसा खरबरीत केला नव्हता. पण चौकशीत हेही निघालं, की तो केला असता तरी सांधा पुरा पडला नसता. मूळ हिशेबच चुकलेला होता.

बाजेची एक दोरी तुटली तर बाकीच्या माणसाला धरतात. या पुलात दांड्यांची एकच रांग असल्यामुळे एक सांधा सुटला की धरायला दुसरं काहीच नव्हतं. हिशेब दुसऱ्या कंपनीकडून तपासूनही घेतला होता, पण नेमकी या सांध्याची तपासणी झाली नाही.

आता खरी मनाला लागणारी गोष्ट. पूल बोलत होता. तो रस्त्याकडेला होता तेव्हाच त्या सांध्याला भेगा पडल्या होत्या. खांबांवर ठेवल्यावर त्या वाढल्या. चालतील अशा भेगांपेक्षा त्या कितीतरी, सुमारे चाळीस पट मोठ्या होत्या. त्यांचे फोटो काढले गेले. १३ मार्चला एका अभियंत्यानं सरकारी खात्यात फोन करून भेगांबद्दल निरोप ठेवला, त्यातही धोका नाही असंच म्हटलं होतं. ज्यांच्यासाठी निरोप होता ते बाहेरगावी होते. त्यांनी तो ऐकला १६ तारखेला, पूल पडल्यानंतर.

१५ तारखेला सकाळी बैठक झाली. भेगांमुळे धोका नाही, असं आराखडा करणाऱ्यांनी सांगितलं आणि ते सर्वांनी मानलं. मग त्या दांड्याच्या आतल्या लोखंडी सळ्या यंत्रानं पुन्हा आवळायला घेतल्या. त्यानं सांध्यावरचा जोर आणखी वाढला आणि सांधा निसटला. खालून गाड्या चालूच होत्या. बांधणारे, देखरेख करणारे, विद्यापीठ, सरकारी खातं, कोणीही रस्ता बंद करायला सांगितलं नाही. चौकशी मंडळानं यावर स्पष्ट बोट ठेवलं.

मैत्रिणींनो, सांध्याचा हिशेब आपण करू शकत नाही. पण भेग आपल्याला दिसते. शाळेची इमारत असो, अंगणवाडी, पाण्याची टाकी किंवा ओढ्यावरचा साकव. गिलाव्याला केसासारखी चीर पडते, तिला घाबरू नका. पण खांब आणि तुळई जिथं जुळतात तिथं भेग असेल, तिरकी असेल, वाढत असेल, तर थांबा. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, तारीख लिहा, फोटो काढा. आठ दिवसांत खूण ओलांडून पुढं गेली, तर ती वाढतेय. मोठी दिसली तर आठ दिवसही थांबू नका. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. निरोप ठेवला म्हणजे तो पोचला, असं नसतं.

आणि एक आग्रह धरा. ‘साहेब येऊन बघून जातील, तोवर चालू द्या,’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. आधी खालची वाट बंद करा, पोरांना दुसऱ्या खोलीत बसवा, मग तपासणी आणि दुरुस्ती. वाट बंद ठेवली आणि भेग साधी निघाली, तर दोन दिवसांची गैरसोय होईल. त्या दुपारी रस्ता बंद असता, तर गाड्यांमधली ती पाच माणसं संध्याकाळी घरी पोचली असती.