रोपटे तोडण्यापूर्वी



धार आणि देवास ही एके काळी पवार घराण्याची मराठी संस्थाने. १९४८ मध्ये ती मध्य भारतात विलीन झाली. त्याच धार जिल्ह्यातील सरदारपूर तालुक्यात राजगढ हे गाव आहे. माही नदी याच तालुक्यात उगम पावते, आणि येथल्या माळांवर पावसाळ्यात तणमोर पक्षी येतो. मालव्यात त्यास खरमोर म्हणतात. गवतातून उंच उड्या घेणाऱ्या या दुर्मिळ पक्ष्यासाठी सरदारपूर येथे १९८३ मध्ये अभयारण्य स्थापन झाले. त्यास मोकळे गवत हवे असते. झुडपे माजली की त्याचे घर गेलेच म्हणावयाचे. वनात जे रोपटे धन, तेच माळावर संकट ठरते. म्हणून हत्यार उचलण्यापूर्वी पहिला प्रश्न हा, की तोडावयाचे काय आणि राखावयाचे काय?

दुसरा प्रश्न हत्याराचा. बोटाएवढ्या फांदीस कोयता पुरे. मनगटाएवढ्या खोडास कुऱ्हाड किंवा करवत हवी. कोयत्याच्या तिरक्या घावाने मागे अणकुचीदार खुंट उरतो. पुढे गवत वाढते, खुंट त्यात दडतो, आणि भारा घेऊन येणाऱ्या माउलीच्या अनवाणी पायात तो भाल्यासारखा शिरतो. त्यातून धनुर्वाताचे भय. यास्तव पायवाटेवरचे रोपटे करवतीने जमिनीलगत, सपाट कापावे.

सागासारखे झाड पुन्हा फुटावे अशी इच्छा असेल, तर खोड सुमारे १५ सेंटिमीटर राखावे, साल फाटू देऊ नये, आणि पाणी ओघळेल इतका किंचित उतार द्यावा. घाणेरीचे मात्र उलट आहे. ती वरून छाटावी तितकी अधिक फोफावते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी दाखविलेली रीत अशी, की कुदळीने माती सारून खोड व मूळ जेथे जुळतात त्याच्या खाली घाव घालावा आणि झुडूप उपटून उलटे ठेवावे. फळे धरण्यापूर्वी हे काम उरकावे.

आता गावोगावी ब्रश कटर आले आहेत. त्यांस नायलॉनची दोरी लाविली तर गवत कापते, तीन पात्यांचे लोखंडी पाते लाविले तर झुडपे, आणि दातेरी गोल चकती लाविली तर कोवळी खोडे. दोरीने खोड कापू पाहणे व्यर्थ. आणि चकती लावताना तिचे योग्य आवरण न बसविणे म्हणजे जीवाशी खेळ. चकतीच्या पुढच्या उजव्या भागाने खोडास स्पर्श केल्यास यंत्र जोराने उसळते. म्हणून डाव्या भागाने कापावे. डोळ्यांस चष्मा, पायांत जाड बूट असावेत, आणि मुलेबाळे किमान १५ मीटर दूर असावीत. पाते साफ करावयाचे तर आधी इंजिन बंद करावे. घाईच्या एका क्षणाने कुटुंबाचा पोशिंदा जन्माचा अधू होऊ शकतो.

शुभवर्तमानातील तो माळी आपणांस ठाऊक आहे. धनी वांझ अंजीर तोडावयास सांगतो, आणि माळी एका वर्षाची मुदत मागून त्याच्या बुडाशी खणून खत घालण्याचे वचन देतो. कुऱ्हाड त्याच्याजवळही असणारच. परंतु त्याने आधी झाडाकडे पाहिले. आपणही तसेच पाहावे, आणि मगच घाव घालावा.