आपलं न्हाणीघर, आपल्या हातांनी – भाग ४ : टाइलच्या खाली

मागच्या आठवड्यात आपण जुन्या टाइल काढल्या, राडारोडा गोण्यांत भरून खाली नेला आणि जस्ती नळ काढून प्लंबरकडून सीपीव्हीसीचे पाइप टाकून घेतले. पाइप दाबाखाली तपासूनही झाले. माझ्या मावशीच्या डोंबिवलीच्या ज्या घरावर ही लेखमाला बेतली आहे, तिथलं चार बाय सहा फुटांचं बाथरूम आता पार उघडं पडलंय. खाली कोबा, भिंतींवर छिन्नीचे घाव आणि कोपऱ्यात नहाणी ट्रॅपचं तोंड. घरातल्या मंडळींना नेमक्या याच टप्प्यावर टाइलच्या दुकानाचे वेध लागतात. या आठवड्यात टाइलला हात लावायचा नाही, हे मी आग्रहाने सांगतो. नळ, आरसा, रंग, अगदी भिंतीवरच्या टाइलसुद्धा पुढे कधीही बदलता येतात. जमिनीच्या टाइलखाली जे केलंय ते बदलायचं तर सगळं फोडावं लागतं.

टाइल लावली की पाणी अडलं, असा सर्रास समज आहे. चांगली व्हिट्रिफाइड टाइल स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही. तिची शोषणक्षमता अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. पण जमीन नुसत्या टाइलची नसते, सांध्यांचीही असते. चार बाय सहाच्या जमिनीवर एक फुटी टाइल लावल्या तर मधले सांधे ३८ फूट भरतात, भिंतीलगतचे २० फूट. म्हणजे एवढ्याशा जागेत ५८ फुटांची फट, आणि ती बहुतेक घरांत व्हाइट सिमेंटने भरलेली. हे सिमेंट पाणी पितं आणि काही वर्षांत केसाएवढं तडकतं. रोजच्या अंघोळीचं थोडं पाणी तिथून खाली जातंच. ते खाली गेल्यावर कुठे जाणार, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर आपल्याला या आठवड्यात द्यायचं आहे.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. गवंडी त्याला ‘संक’ म्हणतात. या खोलगट भागातून सांडपाण्याचे पाइप जातात आणि वर विटांचे तुकडे व सिमेंटचा कोबा भरलेला असतो. वरून झिरपलेलं पाणी या विटांत मुरतं, पण बाहेर पडायला त्याला वाट नसते. वर्षानुवर्षं संक टाकीसारखा भरत राहतो. मग शेजारच्या खोलीच्या भिंतीला जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीपर्यंत ओल चढते, लोणा लागतो, रंगाचे फुगे येतात. खालच्या घरात छतावर पिवळा डाग दिसतो. त्याच वेळी स्लॅबमधल्या सळ्या गंजू लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सळीखालचं काँक्रीट फुगून त्याच्या खपल्या पडतात. खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात खपली पडेपर्यंत ही गोष्ट न्यायची नाही. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या आतल्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायची असते. पण खर्चाच्या वादाआधी शेजारधर्म आहे. या आठवड्याचं काम सुरू करण्यापूर्वी खालच्या घरी जाऊन छत पाहून या आणि त्यांच्या परवानगीने फोटो काढून ठेवा.

तिथे डाग दिसला तर तो कशाचा, हे आधी ठरवायला हवं. बाथरूमला पाणी देणारा व्हॉल्व्ह दिवस-दोन दिवस बंद ठेवून बादलीने पाणी वापरा. ओल कमी झाली तर दोष दाबाच्या पाइपात आहे. ओल तशीच राहिली, तर पाणी जमिनीतून किंवा सांडपाण्याच्या पाइपातून जातंय. यातलं नेमकं काय, हे पाहायला थोडे दिवस अंघोळ दुसरीकडे करायची आणि बादलीभर पाणी थेट ट्रॅपच्या तोंडातच ओतायचं, जमीन कोरडी ठेवायची. तरीही डाग ओला होत असेल तर ट्रॅपचा किंवा त्यापुढचा सांधा गेला आहे. अशा वेळी संक स्लॅबपर्यंत उकरावाच लागतो, आणि ते घरच्या घरी करण्याचं काम नाही. अनुभवी गवंडी आणि प्लंबर बोलवा. आणखी एक. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारतींत सांडपाण्याचे किंवा पावसाच्या पाण्याचे पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असू शकतात. करड्या रंगाचा, जाड, खरखरीत पाइप दिसला तर तो कापू किंवा घासू नका. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

मावशीच्या खालच्या घराचं छत कोरडं निघालं. त्यामुळे आम्ही संक उकरला नाही, फक्त वरचा सैल झालेला कोबा काढला. हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत गेलं की कळतं: घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी बद्द. बद्द वाजणारा सगळा भाग काढून टाकायचा. दया दाखवायची नाही.

आता ढाळ. या सगळ्या कामात माझ्या मते याहून महत्त्वाचं काही नाही, आणि सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. बरेच कारागीर कोबा सपाट ठेवतात आणि टाइल लावताना खालचा माल कमीजास्त करून उतार काढतात. वरून पाहणाऱ्याला ते ठीक दिसतं. पण सांध्यांतून खाली गेलेलं पाणी सपाट कोब्यावर बसून राहतं, कारण त्याला ट्रॅपकडे न्यायला कोणी नाही. ढाळ कोब्यालाच द्यायचा, म्हणजे टाइलवरचं पाणी आणि टाइलखालचं पाणी दोन्ही एकाच दिशेने जातं.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: फुटाला किमान ३ मिलिमीटर, म्हणजे साधारण शंभरास एक. शॉवरखाली फुटाला ४ दिले तर उत्तम. याहून बराच जास्त उतार दिला तर म्हाताऱ्या माणसाला उभं राहायला अवघड जातं. आपल्या चार बाय सहात ट्रॅप एका कोपऱ्यात असेल तर समोरचा कोपरा तिरक्या रेषेत सव्वासात फुटांवर येतो. म्हणजे तो ट्रॅपपेक्षा सुमारे २२ मिलिमीटर उंच हवा. हे डोळ्यांच्या अंदाजाने जमत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एका पातळीची पेन्सिलरेघ मारून घ्या; गवंडी हेच करतात आणि अजून तरी यापेक्षा भरवशाचं साधन माझ्या पाहण्यात नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मात्र ती खोटं बोलते, म्हणून दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारख्या पातळीवर येतंय का, ते आधी पाहा. मग त्या रेघेपासून खाली मोजत जायचं.

पण मोजायला सुरुवात दारापासून करा. बाहेरच्या खोलीच्या फरशीपेक्षा बाथरूमची तयार जमीन दारात निदान २० मिलिमीटर खाली हवी. टाइल आणि तिच्याखालचं ॲडेसिव्ह मिळून १५ धरा. म्हणजे दारातला कोबा बाहेरच्या फरशीपेक्षा ३५ मिलिमीटर खाली येतो, आणि तिथून ट्रॅपपर्यंत उतार. हा हिशोब केल्यावर ट्रॅपचं तोंड वर उरतंय असं दिसलं, तर प्लंबरकडून ते आत्ताच खाली घ्या. जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवण्याचा सल्ला मला पटत नाही तो यासाठीही. जमीन वर येते, दारातला फरक संपतो, आणि खालचा दोष जसाच्या तसा झाकला जातो.

एक भाग सिमेंट आणि चार भाग चाळलेली वाळू असा माल करून ढाळ काढा, लाकडी रंध्याने घासा, पण गुळगुळीत घोटू नका. पुढच्या थराला धरायला खरखरीतपणा लागतो. जमीन आणि भिंत मिळते तिथे काटकोन ठेवायचा नाही. मालाची गोलाई काढायची, गवंडी जिला ‘वाटा’ म्हणतात. काटकोनात कोणताही लेप ताणला जातो आणि पहिली चीर तिथेच पडते. नंतर हे सगळं आठवडाभर पाणी मारून पक्कं होऊ द्या. कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्याकडे हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नये. त्या हवेत कोबा वाळता वाळत नाही.

पाणीरोधक लेप दोन घटकांचा घ्यावा, पॉलिमरचं द्रव आणि सिमेंटची पूड. आपल्याला जमिनीचे २४ चौरस फूट, भिंतींवर सगळीकडे एक फूट म्हणजे सुमारे २०, आणि शॉवरच्या दोन भिंतींवर सहा फुटांपर्यंत आणखी ५०, असे मिळून जवळपास ९५ चौरस फूट भरतात. पिशवीवर दिलेल्या हिशोबाने त्याच्या दोन हातांपुरता माल आणा. द्रवात पूड थोडी थोडी घाला, उलटं नको. गुठळी राहू देऊ नका. मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात आवळायला लागतं. मग त्यात वरून पाणी घालून ते पातळ करण्याचा मोह टाळा, कारण तसा लेप वाळल्यावर भुगा होतो. थोडं थोडंच कालवा.

कोबा ओलसर हवा, पण त्यावर पाणी चमकता कामा नये. सुरुवात ट्रॅपच्या गळ्यापासून करा. पीव्हीसी आणि सिमेंट यांची जोडणी हीच सगळ्यात कच्ची जागा. गळ्याभोवती बोटभर रुंद खाच करून ती पाणीरोधक सीलंटने भरा, पाइपाचा बाहेर आलेला काठ पॉलिश पेपरने खरवडा, त्यावर ब्रशने दाबून लेप भरा आणि ओल्या लेपातच फायबरच्या जाळीची पट्टी बसवा. जाळीच्या घरांतून लेप वर आला पाहिजे. लेप पाइपाच्या आत दोन बोटं उतरवा. अशीच जाळी सगळ्या वाट्यांवर, आणि नळांची तोंडं भिंतीतून निघतात तिथेही. मग जमिनीवर पहिला हात एका दिशेने. तो सुकला की दुसरा हात आडव्या दिशेने, म्हणजे पहिल्यात ब्रशने सोडलेली बारीक छिद्रं दुसऱ्यात बुजतात. दाराच्या उंबऱ्यावरही लेप चढवायला विसरू नका. तिथूनच पाणी बैठकीच्या खोलीच्या फरशीखाली जातं.

पिशवीवर सांगितलेले दिवस लेप पक्का होऊ द्या. त्यानंतर परीक्षा. ट्रॅपमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा आणि दारात विटा व माल यांचा तात्पुरता बांध घाला. दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पातळीची रेघ मारा, आणि ४८ तास तिकडे कोणी जायचं नाही. दोन इंच म्हणजे सुमारे ११० लिटर. स्लॅबला हे वजन काहीच नाही. पाणी हवेतही उडतं, म्हणून त्याच बाथरूममध्ये एक बादली पाणी भरून, तिच्यावरही खूण करून ठेवा. ४८ तासांनी बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढंच जमिनीवरचं उतरलं असेल तर ते वाफ होऊन गेलं. जमिनीवरचं जास्त उतरलं असेल तर आधी बोळा तपासा, बहुतेकदा तोच गळतो. बोळा घट्ट असेल तर पाणी काढून वाटे आणि ट्रॅपचा गळा पाहा. लेप वाळू लागला की जी जागा शेवटपर्यंत काळसर राहते, तिथे चीर शोधा. ती भरून, जाळी लावून, परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्या. दोन्ही दिवस खालच्या घरचं छतही पाहून या, फोटो शेजारी धरून.

पुढच्या आठवड्यात टाइल. तोवर ती विकत घेणार असाल तर जमिनीसाठी खरखरीत पृष्ठाचीच निवडा, घसरणरोधक श्रेणी ‘आर १०’ किंवा वर. आणि या लेपावर खिळा, छिन्नी किंवा शिडीचा उघडा पाय लागू देऊ नका. चालायचं असेल तर पुठ्ठा अंथरा.